राजाचं नाक आधी जातं

राजाचं नाक आधी जातं.
मग कपाळ, मग हनुवटी.
केसांत खोवलेली पानं शेवटपर्यंत हटून बसतात.
बारीक वाळू, पाणी, चामड्याचा तुकडा आणि एक अख्खी दुपार,
एवढ्यात तांब्याची पेनी कोरी होते.
राजाचं तोंड खरवडणं हा गुन्हाच,
पण लँकेस्टरच्या किल्ल्याबाहेर माझी गिऱ्हाइकं
आधीच शिक्षा झालेली.

दर ठरलेला. तीन अक्षरांना एक पेनी, फुलाचे वेगळे.
विसरू नकोस, म्हणायचे. तुझीच, म्हणायचे.
मग बोटांवर हिशेब करून
मायेतली चार अक्षरं काढायला लावायचे.

केझाया एंटविसल गजांमधून बोलली.
कापड उन्हात पांढरं करायला पसरतात, त्या कुरणातून
अकरा वार मांजरपाट उचललं होतं तिनं.
"ओलं होतं," म्हणाली, "जड.
कोरडं असतं तर निसटले असते."
सात वर्षं, समुद्रापार.
जायचं भाडं सरकार भरतं,
परतीचं ज्याचं त्यानं.
हे तिला कोर्टात कुणी वाचून दाखवलं नव्हतं.
मीही सांगितलं नाही.

मुलगी सहाची, टॅमर.
अंगावर पिणारी असती तर सोबत नेऊ दिली असती.
"दात आले, हा तिचा गुन्हा."

काय लिहू, विचारलं.
"तिला वाचता येत नाही. मला तरी कुठं येतं?
ठिपके टाक. सात.
दर नाताळात एक खोडायचा, एवढं तिला कळतं."
ठिपक्यांचा दर माझ्याकडे नव्हता.
सात पूर्णविराम धरले, एका पेनीत केले.

नाणं उलटून मी दुसरी बाजू घासायला घेतली
तर गजांतून हात घालून तिनं मनगट धरलं.
मागं ती बाई असते ना, त्रिशूळ घेऊन,
पायाशी लाटा, पलीकडं नखाएवढं जहाज.
"राहू दे तिला.
काय ऐसपैस बसलीय बघ."
मग बऱ्याच वेळानं,
"जहाज पण राहू दे.
टॅमरला दाखव. म्हणावं, यातून."

मंगळवारी पहाटे नेलं.
नऊजणी, घोडागाडीच्या टपावर, पायांत बेड्या,
वुलिचच्या धक्क्यापर्यंत अशाच.
आत गादीवर तिकीट काढलेली माणसं.
पाऊस होता, पण तो इथं असतोच.

नाणं मी वर्कहाउसच्या दारात नेऊन दिलं.
जहाज दाखवलं.
पोरीनं उलटंपालटं करून विचारलं,
"याचं काय काय येतं?"

पाचेक वर्षं होऊन गेली असतील.
बाजाराच्या दिवशी पाववाल्याकडून सुटे घेतले
तर त्यातलं एक बोटांना हलकं लागलं.
एका बाजूला कुणीच नाही.
सात ठिपके. चारांवर आडवी रेघ, खिळ्यानं मारलेली.
पाचव्यावर सुरू करून सोडलेली.

कुणी दिलं हे, विचारलं.
"दिवसाला शंभर हात येतात," तो म्हणाला.
आणि लगेच, "का? खोटं आहे?"
"नाही," म्हटलं. "चालतं."

घरी दिव्याखाली धरलं.
बाई तशीच बसलेली, त्रिशूळ शाबूत, लाटाही.
जहाजाच्या जागी मात्र नुसता खळगा,
अंगठा बरोबर बसेल एवढा.

वाळूशिवाय, चामड्याशिवाय
तांबं इतकं झिजायला किती वेळ घासावं लागतं,
ते मला धंद्यामुळं माहीत आहे.